मोठ्या बोअरच्या रायफलला बॅरल किती इंची घ्यावी

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. .३७५ किंवा त्याच्या वरच्या बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी, इंचात) बोल्ट ॲक्शन रायफल, म्हणजे हातानं बोल्ट मागं-पुढं ओढून काडतूस भरायची, घ्यायची असेल तर २२ ते २४ इंच बॅरल घ्या. २० च्या खाली जाऊ नका आणि २६ च्या नादाला पण लागू नका. एवढं लक्षात ठेवलं तरी भागतंय, पण का ते कळलं तर दुकानदार जे सांगतोय त्यातलं खरं किती ते आपलं आपल्याला ओळखता येतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

लिहायला कारण माझा मावसभाऊ. मूळचा बार्शीचा, आता नामिबियात नोकरीला आहे, तिथं परमिट काढून शिकार कायदेशीर करता येते आणि त्याला .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) काडतुसाची रायफल घ्यायची आहे. दुकानात त्याला दोन दाखवल्या, एक २४ इंची आणि एक २० इंची, आणि तो फोनवर विचारतोय दादा कुठली घेऊ, छोटी लय हलकी वाटती हातात. फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं, बाकीचं इथं.

आपल्या इथल्या लोकांसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद आहे. नान्नजच्या माळावर काळवीट कितीही दिसू दे, ते बघायसाठी आहे, आणि शेतात रानडुकरांचा कितीही त्रास असला तरी वनखात्याची लेखी परवानगी नसेल तर बंदूक उचलायची नाही. त्यामुळे खाली शिकारीबद्दल जे काय लिहिलंय ते जिथं ती कायदेशीर आहे तिथलं. ज्यांच्याकडे लायसनची रायफल आहे, रेंजवर जातात, किंवा आजोबांची जुनी रायफल घरात आहे, त्यांना बॅरलचं गणित तेवढंच कामाचं आहे, त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

पहिलं म्हणजे बॅरल मोजायची कशी, कारण निम्मे लोक बाहेर दिसते तेवढीच मोजतात. मॅगझिन रिकामं करा, बोल्ट मागं ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा, डोळ्यानं बघा आणि करंगळी घालून पण बघा, काडतूस नाही याची खात्री झाल्यावरच बोल्ट बंद करा. मग मझलकडून (नळीच्या पुढच्या तोंडाकडून) क्लिनिंग रॉड हळू आत सोडा, बोल्टला टेकला की मझलच्या काठावर रॉडला पेननं खूण करा, बाहेर काढून मोजा. ही खरी बॅरल लेंथ. पुढं मझल ब्रेक (धक्का कमी करायला टोकाला लावतात तो तुकडा) स्क्रूवर बसवलेला असेल तर तो काढून मोजायचं. म्हणजे यात चेंबर पण आलं, आणि मोठ्या काडतुसात चेंबर बरीच जागा खातं. .३७५ एच अँड एच ची केस (काडतुसाचं पितळी कवच) २.८५ इंच लांब आहे, .४१६ रिग्बीची २.९ इंच. म्हणजे २४ इंची बॅरलमध्ये गोळीला पळायला मिळतात साधारण २१ इंच, आणि २० इंचीमध्ये १७. .४५-७० ची केस २.१ इंचच आहे, तिला त्याच बॅरलमध्ये पाऊण इंच जास्त मिळतो.

आता मेन मुद्दा, लांबी वाढली की वेग का वाढतो. घोडा दाबला की दारू पेटती आणि गॅस तयार होतो, दारूचा बहुतेक भाग बॅरलच्या पहिल्या काही इंचांतच जळून जातो, तिथून पुढं गोळीला ढकलतो तो आधीच तयार झालेला गॅस. गोळी जसजशी पुढं जाते तसतशी मागची जागा वाढते, गॅस पसरतो, प्रेशर उतरतं. म्हणून प्रत्येक पुढचा इंच आधीच्या इंचापेक्षा कमी वेग देतो. आणि इथंच मोठ्या बोअरचा फायदा आहे जो लोकांच्या ध्यानात येत नाही. .४५८ च्या नळीचं क्षेत्रफळ .३७५ च्या जवळपास दीडपट, म्हणजे तिच्या प्रत्येक इंचात दीडपट जागा, आणि .४५८ विन्चेस्टर मॅग्नमच्या केसमध्ये मावणारी दारू .३७५ एच अँड एच पेक्षा काय फार वेगळी नाही. तेवढीच दारू, जागा दीडपट, म्हणजे प्रेशर लवकर उतरणार आणि शेवटच्या इंचांत मिळणारा फायदा पण लवकर आटणार. उलट .३०० विन्चेस्टर मॅग्नम किंवा .३३८ लापुआ, यात दारू भरपूर आणि नळी त्यामानानं अरुंद, तिथं लांब बॅरल खरंच पैसे वसूल करते. लांब बॅरलची हवा सगळी या लांब पल्ल्यावाल्यांकडून आलीय, आणि लोक तीच मापं उचलून .३७५ ला आणि .४५८ ला लावतात, ते चुकीचं आहे.

आकड्यात बोलायचं तर .३७५ वर्गात एका इंचाला साधारण २५ फूट प्रति सेकंद धरा, थोडं इकडं तिकडं होतं, लोड कुठला आणि बॅरल कुठली त्याच्यावर आहे. .३७५ एच अँड एच १९१२ सालचं काडतूस आहे आणि ३०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी २४ इंचीतून साधारण २,५३० फूट प्रति सेकंदानं जाते. २० इंची घेतली तर ४ इंच कमी, म्हणजे १०० फूट प्रति सेकंद कमी, २,४३०. यानं गोळी किती खाली पडते? १०० मीटरला झीरो केली असेल, म्हणजे त्या अंतरावर गोळी बरोबर नेमावर पडेल अशी साइट जुळवली असेल, तर २०० मीटरवर जेमतेम दोन सेंटिमीटरचा फरक. केप बफेलोवर (आफ्रिकेतला रानरेडा) तर गोळी १०० मीटरच्या आतच चालवतात, बऱ्याचदा ५० च्या पण आत. तिथं हा फरक शून्य धरला तरी चालतंय.

मग २० इंचीच घ्यावी की? थांबा जरा, नामिबियात एक भानगड आहे. तिथं जनावराच्या आकाराप्रमाणं किमान मझल एनर्जीचा (नळीतून सुटताना गोळीत असलेली ऊर्जा) नियम आहे. स्प्रिंगबॉकसारख्या छोट्या हरणाला १,३५० ज्यूल, कुडू आणि ओरिक्ससारख्या मोठ्या हरणांना २,७०० ज्यूल आणि हत्ती, बफेलो यांना ५,४०० ज्यूल. आता वरचा हिशोब ज्यूलमध्ये करा. ३०० ग्रेन २,५३० नं गेली तर ५,७८० च्या आसपास ज्यूल होतात, आरामात पास. तीच गोळी २,४३० नं गेली तर ५,३३० च्या आसपास. म्हणजे चार इंचांनी तुम्ही कागदावरच्या रेषेच्या वरून खाली आलात! एनर्जी वेगाच्या वर्गानं बदलते म्हणून वेग चार टक्के घटला की एनर्जी आठ टक्के घटते. बफेलो जागेवर लागलेल्या गोळीला या आठ टक्क्यांचा फरक दाखवणार नाही, पण नियम म्हणजे नियम, आणि ज्याला ५,४०० च्या वर्गात शिकार करायची आहे त्यानं .३७५ एच अँड एच मध्ये २४ इंचीच घ्यावी, मी भावाला हेच सांगितलं. फक्त कुडू-ओरिक्स करणार असेल तर .३०-०६ सुद्धा १८० ग्रेनमध्ये साडेतीन हजार ज्यूलच्या वर जाते, तिथं .३७५ ला २० इंची असो नाहीतर २४, दोन्ही पासच.

याची दुसरी बाजू म्हणजे हातातली लांबी. आणि इथं लोक बॅरल बघतात, बघायची असते ती पूर्ण रायफलची लांबी. बोल्ट ॲक्शनमध्ये बॅरलच्या मागं ॲक्शनची (बोल्ट जिच्यात मागं-पुढं सरकतो त्या यंत्रणेची) लांबी येते, मॅग्नम ॲक्शन तर अजून लांब, म्हणून २४ इंच बॅरलची बोल्ट रायफल टोकापासून दस्त्यापर्यंत ४४-४५ इंच भरते. डबल बॅरल रायफल किंवा सिंगल शॉट फॉलिंग ब्लॉक (मागचा ठोकळा खाली सरकवून एकच काडतूस भरायची) घेतली तर मधली ती लांब ॲक्शन नाही, त्यामुळे तेवढ्याच बॅरलला पूर्ण रायफल तीन-चार इंच आखूड होते. म्हणजे डबलला २५-२६ इंची नळी असली तरी ती हातात २२ इंची बोल्ट रायफलएवढीच लांब वाटते. जुन्या इंग्लिश डबल रायफलींच्या नळ्या लांब दिसतात आणि तरी लोक त्या सुटसुटीत म्हणतात, त्याचं कारण हे.

आपल्याला किती लांबी झेपते ते बघायची एक सोपी पद्धत सांगतो, रायफल लागतच नाही. ठिबकच्या दुकानातून पीव्हीसी पाइप आणा, एक ४५ इंच आणि एक ४१ इंच कापा, आत वाळू भरून दोन्ही तोंडं बंद करा, वजन जमेल तेवढं चार किलोच्या आसपास न्या. ते घेऊन उसाच्या फडात सरीतून चाला, नाहीतर ओढ्याकाठच्या वेड्या बाभळीत घुसा. जिथं पाइप अडकतो तिथं थांबा, अडकलेला सोडवून खांद्याला लावायला किती वेळ लागतो ते बघा. मग बोलेरोत बसा, उतरा, परत बसा. नामिबियाचा बराच भाग आपल्या मंगळवेढा-सांगोल्याकडच्या माळासारखाच कोरडा आणि काटेरी झाडांचा आहे, त्यामुळे ही टेस्ट तिथं पण लागू पडते. उंच माणसाला ४५ इंच काहीच वाटत नाही, बुटक्या माणसाला ४१ पण जड जातं. ज्याची त्याची उंची आणि हाताची लांबी वेगळी, म्हणून दुसऱ्याचं ऐकून घेऊ नका, स्वतः करून बघा.

वजनाचं काय? .३७५ बोअरच्या आणि मझलला १८ मिलिमीटरच्या आसपास जाड असलेल्या बॅरलचा एक इंच म्हणजे साधारण ३५-४० ग्रॅम स्टील. चार इंच कमी केले तर दीडशे ग्रॅम. आकडा छोटा आहे पण ते वजन एकदम टोकाला असतं, घागर कमरेला धरली तर काही वाटत नाही आणि हात लांब करून धरली तर तीच खांदा ओढते, तसं. म्हणून २० इंची हातात घेतली की लगेच हलकी वाटते, भावाला पण तेच वाटलं. पण टोकाला थोडं वजन असणं चांगलं असतं, खांद्याला लावून गोळी सोडताना मझल एका जागी ठरते, चालून दम लागलेला असेल तेव्हा तर जास्तच. फार हलकं टोक डगमगतं. मला स्वतःला तोल पुढच्या हाताकडं किंचित झुकलेला आवडतो आणि मोठ्या बोअरला तो हवाच.

धक्क्याबद्दल लोक म्हणतात छोटी बॅरल जास्त मारते. तसा फार फरक नसतो, वजन दीडशे ग्रॅमनं कमी झालं पण वेग पण कमी झाला, दोन्ही जवळजवळ एकमेकांना खातात. .३७५ तशीही .३०-०६ च्या जवळपास दुप्पट धक्का देते, त्याला दस्ता आपल्या मापाचा असणं आणि चांगलं रिकॉइल पॅड हाच उपाय.

खरा त्रास आहे आवाजाचा. नळी आखूड केली की गोळी बाहेर पडते त्या क्षणी गॅसचं प्रेशर जास्त असतं आणि मझल आधीपेक्षा चार इंचांनी तुमच्या कानाजवळ आलेली असते. मोठ्या रायफलीचा आवाज तसाही १४० डेसिबलच्या बराच वर असतो, आणि १४० च्या वर एका गोळीत पण कानाचं कायमचं नुकसान होऊ शकतं. रेंजवर इअर मफ आणि त्याच्या आत प्लग, दोन्ही लावा, यात चालढकल करू नका, कान परत येत नाहीत. आणि असा तोंडावर येणारा भडका दोन-चारदा खाल्ला की माणूस घोडा दाबायच्या आधीच डोळे मिटायला आणि खांदा आकसायला लागतो, मग गोळी कुठं जाईल सांगता येत नाही. २० इंचाच्या खाली जाऊ नका म्हणतो त्याचं सगळ्यात मोठं कारण हे. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये इंग्रजांनी .३०३ ली-एनफिल्डची नळी २५.२ इंचावरून १९ इंचाच्या पण आत आणून जंगल कार्बाइन काढली, तिच्या टोकाला नरसाळ्यासारखा फ्लॅश हायडर बसवावा लागला आणि धक्क्याबद्दल ती आजपण बदनाम आहे. ती तर .३०३ होती, इथं आपण .३७५ आणि .४५८ बद्दल बोलतोय.

मझल ब्रेक लावला तर धक्का खूप कमी होतो, पण आवाज बाजूला आणि मागं फेकला जातो. आफ्रिकेत तुमच्या शेजारी ट्रॅकर आणि गाइड उभे असतात, त्यांच्या कानाचा विचार करा. रेंजवर सराव करताना लावा, रानात काढा, आणि काढल्यावर झीरो परत तपासा कारण गोळी लागायची जागा बदलते. साउथ आफ्रिकेत आणि नामिबियात सायलेन्सर लावलेल्या रायफली पुष्कळ दिसतात, तो लावायचाच असेल तर मात्र १८-२० इंची बॅरल बरोबर आहे कारण सायलेन्सर पुढं स्वतःचे सहा-आठ इंच घालतो. भारतात त्याच्या वाटेला जाऊ नका, शस्त्र कायद्याच्या व्याख्येतच आवाज किंवा फ्लॅश कमी करणारी वस्तू फायरआर्ममध्ये धरलेली आहे.

लांब बॅरल म्हणजे अचूक बॅरल, हा समज चुकीचा आहे. तेवढ्याच जाडीची २० इंची नळी २४ इंचीपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ असते, कमी थरथरते, स्कोप लावला तर छोटी काकणभर सरसच भरेल. फरक पडतो तो उघड्या साइटवर. मागची आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर ५०० मिलिमीटर असेल आणि पुढच्या माशीत (पुढच्या साइटचा टोकाचा ठिपका) अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर ५० मीटरवर गोळी ५ सेंटिमीटर सरकते, अंतर ४०० असेल तर सव्वासहा. म्हातारपणी डोळे कमजोर झाले की हे जास्त जाणवतं. जो स्कोपशिवाय वापरणार त्यानं २४ घ्यावी.

आता कॅलिबरप्रमाणं माझं मत. .३७५ एच अँड एच ला २४, याच्यात मी बदल करणार नाही. .३७५ रुगर २००७ मध्ये आलं, ती केस जास्त जाड आणि आखूड आहे, त्यांनी आफ्रिकन मॉडेल २३ इंची आणि अलास्कन मॉडेल २० इंची काढलं, मला विचाराल तर २३. .४१६ रिग्बीला २४. .४५८ ला २२ ते २४, झाडी दाट असेल तर २२ बिनधास्त. .४५-७० चं काम जवळचं आणि प्रेशर कमी, १८ ते २० पुरे, वर मी २० ची जी सीमा घातली ती हिला लागू नाही. ९.३x६२ हे १९०५ सालचं जर्मन काडतूस, आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतलेलं, साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये बसतं, २२ इंची घ्या आणि आयुष्यभर वापरा, फक्त नामिबियातल्या ५,४०० ज्यूलच्या वर्गात ते बसत नाही. .३०० आणि .३३८ मॅग्नमला २४ ते २६, तिथं वेग हाच माल आहे, कापून उपयोग नाही.

आपल्याकडे लायसनवर बहुतेकांकडे इशापूरची .३१५ किंवा .३०-०६ असते, .३०३ तर प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे साध्या लायसनवर न मिळणाऱ्या बोअरमध्ये, जाते. यात बॅरल निवडायचा प्रश्न नाही, फॅक्टरी देईल ती. पण अक्कलकोट, बार्शी, पंढरपूरकडच्या जुन्या वाड्यांत कुणाकडे आजोबांची मोठ्या बोअरची रायफल असू शकते, आणि मग नातवाला वाटतं नळी लांबडी आहे, जरा कापून घेऊ. अजिबात नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ६ प्रमाणं वेगळ्या लायसनशिवाय बॅरल आखूड करणं गुन्हा आहे, रायफल तुमच्या नावावर असली तरी. आणि ती डबल असेल तर कापणं म्हणजे ती मारून टाकणंच. डबलच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात, पुढच्या टोकाला किंचित आत वळवून, गोळ्या झाडून झाडून, ठराविक अंतरावर दोन्हीच्या गोळ्या एकत्र पडतील अशा जुळवलेल्या आणि डाख देऊन बसवलेल्या असतात. पुढचा तुकडा कापला की वेग बदलतो, जुळणी मोडते, मग उजवी नळी एकीकडे आणि डावी भलतीकडे मारते. ते परत जुळवणारा कारागीर मिळणं फार अवघड.

जुनी रायफल घेताना ती आधी कुणी कापलेली आहे का ते बघा. वर सांगितलं तसं रॉडनं मोजा आणि त्या मॉडेलच्या कॅटलॉगमधल्या मापाशी ताडून बघा. मझलच्या तोंडावरचा रंग बाकीच्या नळीशी जुळतो का, पुढची साइट टोकापासून जिथं पाहिजे तिथंच आहे का, का कुणी मागं सरकवून परत बसवलीय आणि जुन्या जागेची खूण बुजवलीय, हे उजेडात धरून बघा. मग कानात घालायची कापसाची काडी घ्या आणि रिकाम्या रायफलीच्या मझलच्या आतल्या काठावरून गोल फिरवा. कापसाचा धागा कुठं अडकला तर तिथं काठाला कूस आहे, गोळी सुटताना गॅस त्या बाजूनं आधी निसटणार आणि नेम बिघडणार. हे लायसनवाल्या गनस्मिथकडून नीट करून घेता येतं, पण किंमत ठरवायच्या आधी दाखवून घ्या, पैसे दिल्यावर नाही.